भोगवटादाराचा रकाना

घरपट्टीवर कोणी तावातावाने बोलायला लागलं की माझं डोकं फिरतं. एका बाजूला कर भरणारे सगळे चोर असं मानणारे, दुसऱ्या बाजूला कर घेणारे सगळे दरोडेखोर असं मानणारे. या दोघांच्या मधे मी पावतीपुस्तक घेऊन बसले, आणि तेही थोडीथोडकी वर्षं नाही. माझा अनुभव दोघांच्याही उपयोगाचा नाही. मला आठवते ती एक बाई. मला कर लावा म्हणून ती माझ्या मागे लागली होती. तिला त्या बदल्यात काय मिळालं, ते मला सांगायचं आहे.

नोकरी जळगाव जिल्ह्यातल्या एका लहान नगरपालिकेत, एरंडोलच्या पलीकडे, धुळ्याच्या बाजूला. गावाचं नाव लिहीत नाही. त्या वेळची माणसं अजून तिथे आहेत आणि मला अधूनमधून जावं लागतं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी करविभागात लिपिक म्हणून लागले. विभागात मी एकटीच बाई, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात सगळ्यांच्या लक्षात आलं की हिला घरं मोजायला पाठवावं. दुपारी पुरुष कामावर असतात, दार बाया उघडतात, आणि बाई दिसली की आत घेतात. माझ्याबरोबर टेपचं दुसरं टोक धरायला एक शिपाई होते. सगळे त्यांना नाना म्हणायचे, मीही म्हणायचे. नाना निवृत्तीला आले होते आणि त्यांना गावातलं प्रत्येक घर माहीत होतं. ज्या घरी चहा मिळे तिथे ते टेप भिंतीपासून जरा आत धरत, म्हणजे घर लहान भरे. मी एकदा त्यांना टोकलं तेव्हा म्हणाले, "ताई, तुम्ही नव्या आहात. सगळी घरं जुनी आहेत."

घर भाड्याने दिलं तर वर्षाला किती भाडं येईल, यावर घरपट्टी ठरायची. त्यामुळे टेप दिसला की अख्खं गाव गरीब होई. आतल्या खोलीत राहणारा भाडेकरू मावसभाऊ निघे. नवीन स्लॅब टाकलेला मजला गुरांच्या चाऱ्यासाठी असे, मग घरात एकही जनावर नसलं तरी चालेल. एका मोठ्या अडत्याने तर घराच्या समोरच्या भिंतीला गिलावाच केला नव्हता. बांधकाम अजून चालू आहे, असं तो दर चार वर्षांनी सांगायचा. आत पाहिलं तर चकचकीत फरशी, पंखे, दाराला सागवानी चौकट. त्याच्यापुढे मी काही बोलत नसे, कारण तो नगरसेवकाचा व्याही होता. घरं आपली अंग चोरून बसत आणि मी ती तशीच लिहून घेत असे. चार वर्षांनी पुन्हा तेच.

अशात मला अक्का भेटल्या.

जिनिंग फॅक्टरीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला एक नाला होता. रस्ता आणि नाला यांच्या मधल्या पट्ट्यात तीसेक घरं होती. जागा नगरपालिकेची. कोणी पंधरा वर्षांपूर्वी आलेलं, कोणी वीस. जिनिंगमध्ये सरकी भरणारी, हातगाडीवर गाठी ओढणारी, हमाली करणारी माणसं. अक्का फाटलेलं बारदान शिवायच्या. नवरा सुरतेला कापडाच्या कारखान्यात, वर्षातून दोनदा यायचा, आणि पुढे पुढे एकदाच. घर मातीचं, वर मातीचंच सपाट धाबं, पुढे शेणाने सारवलेला मोठा ओटा. अक्का त्या ओट्यावर पोत्यांच्या ढिगात बसलेल्या असायच्या आणि त्यांच्या हातात एवढा मोठा दाभण असायचा.

नाल्याकाठची घरं आम्ही मोजत नसू. ती अतिक्रमणात होती, म्हणजे आमच्या पुस्तकाच्या दृष्टीने ती नव्हतीच. मी आणि नाना तिथून पुढच्या कॉलनीत जात होतो. अक्कांनी ओट्यावरून अहिराणीत हाक मारली.

"ताई, आमनं घर कव्हय मोजशी?"

मला वाटलं चेष्टा चालली आहे. मी म्हणाले, तुमच्यावर कर नाही अक्का, सुखी आहात. त्या उठून रस्त्यावर आल्या. त्यांना सुख नको होतं. त्यांना पावती हवी होती. समोरच्या कॉलनीतल्या बायांकडे पावती असते, रेशनकार्डाच्या वेळी ती दाखवतात, शाळेत दाखवतात, भांडण झालं तर पोलिसांनाही दाखवतात. नाल्याकाठच्या बाईला कोणीही यावं आणि ऊठ म्हणावं.

"कर जो भरस, घर त्यानं," अक्का म्हणाल्या. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. आमच्या भागात सगळेच असं मानत. खरं सांगायचं तर मीही अर्धवट मानत होते. माझे वडील रेल्वेत गँगमन होते. शिक्षण नव्हतं, पण घरातला प्रत्येक कागद, अगदी दवाखान्याची चिठ्ठीसुद्धा, ते प्लास्टिकमध्ये घालून पत्र्याच्या पेटीत ठेवायचे. आमच्या वाडीला कोणी काही सांगायला आलं की ते पेटी उघडून बसत. कागद असला की माणूस ताठ बसतो, हे मी लहानपणापासून पाहिलं होतं. त्यामुळे अक्कांचं मला पटलं. पटायला नको होतं, मी तर कराच्या वह्या लिहिणारी.

मुख्याधिकारी साहेबांना मी विचारलं. त्यांनी फाईलमधून डोकंही वर काढलं नाही. "तिथे आज कर लावला की उद्या ते मालकी सांगतील. नसतं झेंगट. सोडून द्या."

पुढे वर्षभर अक्का मला बाजाराच्या दिवशी भेटल्या की एकच प्रश्न विचारायच्या. मी भाजीवाल्यांच्या मागून वळसा घालून जायला लागले. कर लावा म्हणून मागे लागणाऱ्या माणसाला चुकवणारी मी जगातली पहिलीच कारकून असेन.

मग धुळ्याला आमदारांची एक समिती आली. नगरपालिकांचं उत्पन्न कसं वाढवावं, कोणते कर ठेवावेत, कोणते काढावेत, हे ऐकून घ्यायला. दोन्ही जिल्ह्यांतले मुख्याधिकारी बोलावले होते. आमच्या साहेबांनी आकडे विचारले तर सापडावेत म्हणून मला आणि चार नोंदवह्यांना बरोबर घेतलं. सरकारी विश्रामगृहाच्या मोठ्या खोलीत लांब टेबल, पांढरे कपडे, चहा आणि केळीचे वेफर्स. आम्ही कारकून मागे भिंतीला लागून बसलो.

सकाळभर जकातीवर चर्चा झाली. जकात जाणार, जाणार, असं तेव्हाही सगळे म्हणत होते. गेली तर पगार कुठून करायचे, असं प्रत्येक नगरपालिका रडत होती. दुपारी विषय निघाला तो अनधिकृत घरांवर कर लावावा का. एक जण म्हणाला, लावला तर बेकायदा गोष्ट कायदेशीर होईल. दुसरा म्हणाला, नाही लावला तर ही माणसं फुकट पाणी पितात, फुकट रस्ता वापरतात, आणि प्रामाणिक माणूस त्यांचा भार उचलतो. तिसऱ्याने विचारलं, "पण या लोकांची कर द्यायची इच्छा तरी आहे का?" यावर टेबलाच्या दोन्ही बाजूंना हसू फुटलं. आमचे साहेबही हसले.

मला राग आला. राग आला की माझं तोंड माझ्या ताब्यात राहत नाही, हे घरी सगळ्यांना माहीत आहे. मी उभी राहिले आणि म्हणाले, "साहेब, आमच्याकडे एक बाई वर्षभर मागे लागली आहे. कर लावा म्हणते. आम्हीच लावत नाही."

साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की परतीच्या एसटीत मी उभ्यानेच जाणार हे ठरलं. पण टेबलाच्या टोकाला बसलेले एक म्हातारे आमदार पुढे वाकले. सगळे त्यांना आबा म्हणत होते. त्यांनी मला सगळं विचारलं. किती घरं, काय काम करतात, पाणी कुठून आणतात. मग शेजारच्या अधिकाऱ्याला म्हणाले, "हे लिहून घ्या. ताईंनी सांगितलेलं लिहून घ्या." आणि माझ्याकडे वळून, "कर भरणाऱ्याला कोणी उठवत नाही, ताई. सांगा त्यांना."

मी इतकी फुशारले की त्या दिवशी वेफर्स कोणाच्या लक्षात न येता पिशवीत घालून घरी आणले आणि भावाच्या पोरांना वाटले. आमदारांनी माझं बोलणं लिहून घेतलं, असं मी महिनाभर सांगत होते. आज आठवलं की स्वतःच्या तोंडात मारून घ्यावीशी वाटते.

समितीचं पुढे काय झालं मला कळलं नाही. पण काही काळाने वरून पत्र आलं की वसुली वाढवा, सुटलेली सगळी घरं पुस्तकात घ्या, अनधिकृत असली तरी घ्या, मात्र त्यामुळे त्यांना कोणताही हक्क मिळणार नाही याची नोंद करा. वसुली वाढली नाही तर अनुदान कापू, असंही होतं. साहेबांचं झेंगट एका रात्रीत पालिकेचं उत्पन्न झालं. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "तुमचा नालाकाठ. उद्यापासून मोजा."

मी आणि नाना गेलो तेव्हा अक्कांनी आधी ओटा झाडला. गावभर लोक घर लहान करून दाखवायचे, इथे उलटं. "बठ्ठं मोज माय, काही सोडू नको." खोली मोजली. पडवी मोजली. ओटा मोजायचा नसतो असं नाना म्हणाले, तर त्या चिडल्या. "ओटा कोना शे? मनाच शे ना?" कर वाढेल म्हणून सांगितलं तरी ऐकेनात. शेवटी ओटाही लिहिला. नानांनी त्या दिवशी टेप अगदी भिंतीला लावून धरला. शेजारच्या बायाही जमल्या होत्या, प्रत्येकीला आपलं घर अक्कांच्या घराहून लहान लिहिलं जायला नको होतं. मला हसू येत होतं आणि फार बरंही वाटत होतं. नोकरीत इतकं बरं मला त्याआधी वाटलं नव्हतं, नंतरही नाही.

नाव कोणाचं लिहू, विचारलं. "मनं लिख. तो सुरतमा शे, घर मी सांभायस."

आता रकान्याबद्दल. आकारणीच्या वहीत दोन रकाने शेजारी शेजारी असतात. एक मालकाचं नाव, दुसरा भोगवटादाराचं नाव, म्हणजे नुसता जो राहतो त्याचं. नालाकाठच्या तिसाच्या तीस घरांना पहिल्या रकान्यात "नगरपालिका" लिहायचं होतं. अक्कांचं नाव दुसऱ्या रकान्यात. शेवटी शेऱ्याच्या जागी लाल शाईने "अतिक्रमण". मी लिहीत असताना अक्का माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं.

"मनं नाव लिखं का?"

"लिहिलं."

"बराबर?"

"बरोबर लिहिलंय, अक्का."

एवढंच मी बोलले. खोटं नव्हतं. कुठल्या रकान्यात लिहिलं ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पावती आली तेव्हा तिच्या मागे बारीक अक्षरात छापलं होतं की ही पावती मालकी हक्काचा पुरावा मानली जाणार नाही. तेही मी वाचून दाखवलं नाही. त्या दिवशी अक्कांनी पावतीला हळद-कुंकू लावून देवापाशी ठेवली आणि वस्तीत गूळ वाटला. गूळ खाणाऱ्या माणसांना पावतीची मागची बाजू वाचून दाखवायची हिंमत कोणाला असते? मला नव्हती. शिवाय मला आबांचं ते वाक्य आठवत होतं. ते मी वस्तीत सगळ्यांना सांगितलंही होतं. कर भरणाऱ्याला कोणी उठवत नाही.

पुढे नालाकाठ गावातला सगळ्यात चांगला करदाता झाला. अडत्याकडे आम्ही नोटिसांवर नोटिसा पाठवायचो. नालाकाठच्या बाया मार्च उजाडण्याआधी रांगेत. अक्का पहिल्या. पैसे पदराच्या गाठीतून काढायच्या, पावती हातात पडल्याशिवाय खिडकी सोडायच्या नाहीत, आणि मागच्या बाईला म्हणायच्या, "देख, मना नावनी शे." एकदा तर तिथल्या एका मुलीला पाहायला बोदवडकडून पाहुणे आले. जागा कोणाची, असं त्यांनी विचारलं. मुलीच्या बापाने पावती पुढे केली. लग्न जमलं. मला पत्रिका आली, मी गेले, आणि पंगतीत बसून बुंदी खाल्ली. नवऱ्या मुलाचे वडील मला म्हणाले, "ताई, घर नावावर शे हे देखीसन आम्ही हो म्हनं." मी वाढप्याकडून आणखी बुंदी घेतली.

हे सात-आठ वर्षं चाललं. नव्वदीच्या दशकात आमच्याकडे नवीन मुख्याधिकारी आले. हुशार, तरुण, बोलायला गोड. जकात जाणार हे ते उघड बोलत. म्हणाले, नगरपालिकेने स्वतःच्या पायावर उभं राहायला हवं, आपल्याच जागेवर दुकानं बांधायची, भाडं घ्यायचं, मग मुंबईकडे हात पसरायला नको. ठराव झाला. जागा ठरली जिनिंग रोडची, कारण ती नगरपालिकेची होती आणि रस्त्याला लागून होती. त्या जागेत काय होतं ते सगळ्यांना माहीत होतं.

सरकारी जागेवरची माणसं उठवायची तर आधी मोजणी लागते, पंचनामे लागतात, नावं गोळा करावी लागतात. लोक नावं सांगत नाहीत, दारं लावून घेतात. वर्ष जातं. आमच्याकडे यातलं काहीच करावं लागलं नाही. साहेबांनी मला बोलावलं आणि कौतुकाने म्हणाले, "तुमच्या त्या वहीमुळे सगळं सोपं झालं. नावं आहेत, मोजमापं आहेत. एक स्वच्छ यादी काढून द्या." बाकीच्या गावांत अतिक्रमणं कुठे आहेत हे कोणालाच नीट माहीत नव्हतं. आमच्याकडे ओट्यासकट माहीत होतं.

मी यादी काढून दिली. नाही म्हणायला हवं होतं असं आता लिहिणं सोपं आहे. घरी आजारी आई होती, भाऊ बेकार होता, आणि मी नाही म्हटलं असतं तर शेजारच्या टेबलावरच्याने तासाभरात काढली असती. ही सगळी कारणं खरी आहेत. रात्री झोप मात्र या कारणांनी आली नाही. तीस नावं मी ओळीने लिहिली. अक्का चौथ्या.

घरं पाडायच्या दिवशी सकाळी दहाला माणसं गेली. पहारी, दोन ट्रॅक्टर, तालुक्याहून पोलीस. नोंदवही घेऊन मलाही यायला सांगितलं होतं. नोटिसा महिनाभर आधी लागल्या होत्या, पण वस्तीतल्या कोणी सामान हलवलं नव्हतं. नोटीस ज्यांच्याकडे पावती नाही त्यांच्यासाठी असते, अशी त्यांची समजूत. अक्का ओट्यावर उभ्या होत्या. हातात प्लास्टिकची पिशवी. पहिला ट्रॅक्टर थांबला तेव्हा त्या साहेबांपाशी गेल्या आणि पिशवीतून पावत्या काढून एकेक करून त्यांच्या हातात द्यायला लागल्या. वर्षावार लावलेल्या. एकही सुटलेली नव्हती.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी पावत्या फेकल्या नाहीत, हसलेही नाहीत. एक पावती उलटी केली, पाहिली, आणि मला हाक मारली. "ताई, यांचा तुमच्यावर विश्वास आहे. तुम्हीच वाचून दाखवा."

मी वाचलं. सगळी वस्ती उभी होती, नाना उभे होते, पोलीस उभे होते. ही पावती मालकी हक्काचा पुरावा मानली जाणार नाही. एवढं एकच वाक्य. वाचताना माझा आवाज कापला नाही, याची मला अजून लाज वाटते.

अक्का माझ्याकडे पाहत राहिल्या. ओरडल्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर मी जन्मभर त्या शिव्यांना धरून राहिले असते.

"मंग तू इतला साल काय लिखत व्हती?"

त्यांनी पावत्या परत घेतल्या, नीट लावल्या, पिशवीत घातल्या आणि घरातली भांडी बाहेर काढायला आत गेल्या. आधी ओटा फुटला, मग पडवी. मातीची भिंत पडायला वेळ लागत नाही. दुपारपर्यंत रस्त्यापासून नाल्यापर्यंत मोकळं दिसायला लागलं. पुनर्वसनाचा विचार होईल, नोंद असलेल्यांचा आधी होईल, असं साहेब जमलेल्या लोकांना सांगत होते. त्यांना ते त्या वेळी खरंच वाटत असावं.

त्या संध्याकाळी नाना माझ्या टेबलाशी आले. निवृत्त होऊन ते रोजंदारीवर पुन्हा लागले होते. म्हणाले, "मी टेप आत धरायला हवा होता." आणि घरी गेले.

पुढच्या फेब्रुवारीत खिडकीपाशी अक्का उभ्या. मी ओळखलंच नाही आधी, इतक्या वाळल्या होत्या. एरंडोलजवळच्या खेड्यात कोणाच्या तरी खळ्यात राहत होत्या, एसटीने आल्या होत्या. पदराची गाठ सोडत होत्या. मी म्हणाले, अक्का, आता कसला कर? घर कुठे आहे?

"घर नही शे, पन पुस्तकमा नाव शे ना?"

नाव होतं. घर पाडलं तरी नोंद आपोआप जात नाही. ती काढायला मालकाचा अर्ज लागतो, आणि मालक नगरपालिका, तिने स्वतःकडे अर्ज केला नव्हता. त्यामुळे त्या वर्षीही त्या घरावर कराची मागणी निघाली होती. अक्कांचा हिशोब साधा होता. ज्यांची नोंद आहे त्यांना जागा मिळणार, असं साहेब बोलले होते. मग नोंद जिवंत ठेवायला हवी. एक वर्ष चुकलं तर नाव जाईल. "नाव काढू नको, माय," त्या म्हणाल्या.

साहेबांची तोवर बदली झाली होती. जागा मिळणार नाही, हे ऑफिसातल्या शिपायालाही माहीत होतं. तशी यादी नव्हती, तसा ठराव नव्हता, तसं कोणी कधी पुन्हा बोललं नव्हतं. मी ते त्यांना सांगायला तोंड उघडलं. त्यांनी नोटा खिडकीतून आत सरकवल्या होत्या आणि पावतीपुस्तकाकडे पाहत होत्या. मी पैसे घेतले. पाडलेल्या घराची पावती फाडली. पुढच्या वर्षीही फाडली. त्याच्या पुढच्याही.

मग एका वर्षी त्या आल्या नाहीत. मार्च गेला, एप्रिल गेला. मी खिडकीतून रांगेकडे पाहत असायचे. एरंडोलच्या एका कंडक्टरला विचारलं, त्याला ठाऊक नव्हतं. मी स्वतः जाऊन शोधलं नाही. भेटल्या असत्या तर काय बोलायचं ते ठरत नव्हतं, आणि नसत्या भेटल्या तर तेही कळून घ्यायचं नव्हतं.

जिनिंग रोडला तोवर गाळे उभे राहिले होते. निम्मे रिकामे, बाकीच्यांचं भाडं थकलेलं. जकात मात्र त्या दशकाच्या अगदी शेवटी खरोखरच बंद झाली, तेव्हा पगाराला पैसे पुन्हा मुंबईहूनच मागावे लागले. वसुलीची मोहीम निघाली. थकबाकीदारांच्या याद्या झाल्या. जन्मात एक पै न थकवलेल्या अक्का त्या यादीत आल्या. भोगवटादार सापडला नाही तर नोटीस मिळकतीच्या दर्शनी भागावर चिकटवायची, असा नियम आहे. वहीत मिळकतीचा नंबर होता, चतुःसीमा होत्या. नव्या शिपायाने त्या जुळवल्या आणि त्या जागेवरच्या गाळ्याच्या शटरवर नोटीस चिकटवून आला. खाली सही माझी.

दुसऱ्या दिवशी गाळेवाला ती नोटीस हातात घेऊन तणतणत आला. मोबदला, भाडं, अनामत, सगळं भरलेला माणूस. नोटीस माझ्या टेबलावर आपटून म्हणाला, "ताई, ही बाई कोण? माझ्या दुकानात हिचं नाव कुठून आलं?"

गावात या प्रश्नाचं उत्तर देऊ शकणारी आता बहुधा मी एकटीच होते. नानाही त्या उन्हाळ्यात वारले होते.

"चुकून लागली असेल," मी म्हणाले. "फाडून टाका."